अज्ञानाची सबब

१९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याचे एकोणिसावे कलम एका नकाराने सुरू होत असे. आपण विकलेल्या अन्नाचे स्वरूप, त्यातील द्रव्ये किंवा त्याचा दर्जा आपणांस ठाऊक नव्हता, एवढेच सांगणे हा विक्रेत्याचा बचाव होऊ शकत नाही, असा त्याचा आशय. यात वावगे काही नाही. विषारी अन्न खाणाऱ्याच्या पोटात दुकानदाराच्या निष्पापपणाने काही फरक पडत नाही, आणि अन्नाच्या बाबतीत कायद्याने कर्त्याच्या मनापेक्षा खाणाऱ्याच्या जिवाकडे पाहावे हेच उचित. परंतु फौजदारी न्यायालयात वावरणाऱ्या माणसाला हे कलम वाचताना एक गोष्ट खटकल्याशिवाय राहत नाही. अज्ञानाची सबब इतक्या निश्चयाने फेटाळणाऱ्या या कायद्याने ते अज्ञान दूर करण्याचे काम कोणावरच सोपविले नव्हते. दुकानात प्रत्यक्ष पाऊल टाकणारा सरकारचा माणूस एकच, तो म्हणजे अन्ननिरीक्षक. त्याची कर्तव्ये १९५५ च्या नियमांपैकी नवव्या नियमात सांगितली होती. परवान्याच्या अटी पाळल्या जातात की नाही ते पाहणे, नमुने घेणे, तक्रारींची चौकशी करणे, नोंदी ठेवणे अशी ती यादी होती. दुकानदाराला समजावून सांगणे हे काम तीत नव्हते.

सिल्वासाला हा कायदा उशिरा आणि वळणावळणाने येऊन पोचला. पेशव्यांनी १७७९ च्या तहान्वये बारा हजार रुपये वसुलाचा मुलूख पोर्तुगीजांना तोडून द्यायचे कबूल केले. त्यानुसार १७८३ साली नगर हवेली आणि १७८५ साली दादरा त्यांच्या हाती गेले. पुढे दमणहून इकडे येणाऱ्या प्रत्येक पोत्याला मधला इंग्रजी, आणि १९४७ नंतर भारतीय, मुलूख ओलांडावा लागे. या वाटेवरून पोर्तुगालने भारताला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचले. १२ एप्रिल १९६० च्या निर्णयात त्या न्यायालयाने खाजगी माणसे, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांच्यापुरता १९५४ सालचा वाटेचा हक्क मान्य केला, शस्त्रे आणि सशस्त्र दले यांच्यापुरता नाकारला, आणि भारताने आपले कर्तव्य मोडले नाही असेही ठरविले. दोन राज्ये मालाच्या वाटेसाठी भांडली. त्या मालातील तेल कसले आणि हळद कसली, हा प्रश्न न्यायालयापुढे अर्थातच नव्हता.

१९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये हा प्रदेश मुक्त झाला, सात वर्षे वरिष्ठ पंचायतीने येथील कारभार पाहिला, आणि ११ ऑगस्ट १९६१ रोजी तो भारतात विलीन झाला. भारताचे कायदे येथे लागू करण्यासाठी १९६३ साली राष्ट्रपतींनी सहावा विनियम काढला. त्याच्या अनुसूचीत इतर अनेक कायद्यांबरोबर अन्नभेसळीचा हा कायदाही होता. त्याच वर्षीच्या अकराव्या विनियमाने तो गोवा, दमण आणि दीव येथेही गेला. म्हणजे या नियतकालिकाच्या दोन्ही भाषांच्या वाचकांपैकी बऱ्याच जणांच्या घरी अन्ननिरीक्षक हा शब्द एकाच वर्षी आला, असे म्हणायला हरकत नाही. मुंबई इलाख्यात मात्र त्याच्या आधीच भेसळीचा कायदा १९२५ पासून होता. त्यामुळे तलासरीच्या दुकानदाराचा आजा ज्या नियमांना सरावला होता, ते आमच्या दुकानदाराला एका राजपत्राने एकदम भेटले.

या कायद्याची घडण मूळची आपली नव्हे. तिचे मूळ शोधायचे तर इंग्लंडात जावे लागते. १८५१ ते १८५४ या काळात डॉ. आर्थर हॅसल यांनी लंडनच्या दुकानांतील जिन्नस सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रात विक्रेत्यांच्या नावांसह निष्कर्ष छापले. त्याने खळबळ उडाली, पण कायदा व्हायला माणसे मरावी लागली. १८५८ च्या ऑक्टोबरात ब्रॅडफर्ड शहराच्या बाजारात विकलेल्या पेपरमिंटच्या वड्यांनी सुमारे वीस जणांचा बळी घेतला आणि दोनशेच्या आसपास लोक आजारी पडले. वड्या करणारा साखर महाग म्हणून तीत जिप्समची पांढरी पूड मिसळत असे. त्या दिवशी औषधवाल्याच्या नवशिक्या नोकराने चुकीच्या पिंपातून पूड काढून दिली, आणि ती सोमल निघाली. वड्या विकणाऱ्याला यातले काहीच माहीत नव्हते. त्याने स्वतः एक वडी खाल्ली आणि तोही आजारी पडला. खटल्यातून कोणालाही शिक्षा झाली नाही. दोन वर्षांनी, १८६० साली, भेसळीचा पहिला इंग्रजी कायदा झाला, आणि १८७५ च्या कायद्याने नमुन्याचे तीन भाग करण्याची पद्धत घालून दिली. त्या तीन भागांच्या तीन बाटल्या पुढे समुद्र ओलांडून आमच्या बाजारात आल्या.

त्या तीन बाटल्यांचा विधी ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी तो जरा तपशिलाने सांगतो, कारण माझ्या म्हणण्याचे सगळे मर्म त्यात आहे. निरीक्षक दुकानात येई, आपली ओळख देई, आणि नमुन्याची किंमत देऊन रीतसर पावती घेई. लगेच तेथल्या तेथे, हा नमुना पृथक्करणासाठी घेतला आहे, अशी छापील नोटीस विक्रेत्याच्या हाती देई. दूध असेल तर ते नासू नये म्हणून त्यात फॉर्मॅलिनचे थेंब टाकले जात. मग तीन भाग, तीन बाटल्या, चिठ्ठ्या, दोरा, लाख, मोहोर आणि विक्रेत्याची सही. हे सर्व पाहण्यासाठी पंच बोलवायचा, आणि शेजारच्या दुकानातून पंच मिळविणे हे बहुधा निरीक्षकाचे सर्वांत अवघड काम असे. एक बाटली सार्वजनिक विश्लेषकाकडे जाई. उरलेल्या दोहोंपैकी एक १९७६ च्या दुरुस्तीपर्यंत विक्रेत्याकडेच राही. विश्लेषकाचा अहवाल विरुद्ध गेला तर आरोपीला फी भरून मध्यवर्ती प्रयोगशाळेच्या संचालकांचे मत मागता येई, आणि ते मत अंतिम असे.

या विधीत प्रत्येक हालचाल उद्याच्या उलटतपासणीकडे डोळा ठेवून होत असे. निरीक्षक बोलला तर ते न्यायालयात त्याच्यावरच उलटण्याचा संभव. “तुझी हळद मला नवी दिसते आहे, कुठून आणलीस?” असे त्याने आपुलकीने विचारले, तर वकील त्याला विचारणार की साहेब, संशय आधीच होता तर मग… आणि “पुढच्या वेळी असे करू नको” असे म्हणाला, तर वरिष्ठ विचारणार की खटला का भरला नाही. म्हणून शहाणा निरीक्षक गप्प राही. दुकानदारही गप्प राही, कारण तोंडातून निघालेला शब्द कबुलीजबाब ठरण्याची त्याला भीती. दोन माणसे अर्धा तास समोरासमोर उभी राहत आणि ज्या विषयासाठी भेट झाली त्यावर अवाक्षर न काढता निरोप घेत. आम्ही वकील या मौनाचे लाभार्थी, हे मी नाकारीत नाही.

आणि शिक्षा? १९६४ च्या दुरुस्तीने किमान सहा महिन्यांची कैद आणि एक हजार रुपये दंड ठरविला. विशेष कारणे नमूद केल्याशिवाय मॅजिस्ट्रेटला त्याहून खाली जाता येत नसे. हा कायदा सिल्वासाला नुकताच रुळत होता तेव्हाच त्याला हे दात फुटले. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयांचाही कल कठोरतेकडे होता. हळदीच्या पुडीच्या मंगलदास रूपारेल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६५ साली सांगितले की हळद हे अन्नच आहे, निरीक्षकाला दिलेला नमुना ही विक्रीच आहे, आणि आरोपीच्या मनात दुष्ट हेतू होता हे सिद्ध करण्याची जरुरी नाही. १९७३ साली सुगंधी सुपारीच्या तेजानी खटल्यात, सुपारी हे अन्न नव्हेच, हा युक्तिवाद न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी फेटाळला. कैद्यांच्या बाबतीत कनवाळू म्हणून प्रसिद्ध असलेले हे न्यायमूर्ती त्या निर्णयात, अन्नभेसळीच्या गुन्हेगारांना परिवीक्षेची सवलत सहजी देऊ नये, अशा मताचे दिसतात.

त्या कठोरतेला कारण होते, हेही मान्य केले पाहिजे. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याचे तेल मिसळले गेले आणि जलोदरासारख्या सुजेच्या रोगाने साठाहून अधिक माणसे मेली. तेथे कोणाला समजावून सांगण्याची भाषा करणे म्हणजे मृतांचा उपहास होय. जाणूनबुजून विष कालवणाऱ्यासाठी तुरुंग हीच जागा, आणि शिक्षणाच्या नावाखाली त्याला पळवाट देऊ नये, याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. माझे म्हणणे दुसऱ्या माणसाविषयी आहे. कायद्याने त्याला या विषारी व्यापाऱ्याच्याच पंक्तीत बसविले होते.

तो माणूस दाखवायचा तर दिल्लीच्याच एका दहीविक्याचा खटला घ्यावा. १९६७ च्या निवाड्यांच्या ग्रंथात तो घिसाराम या नावाने छापलेला आहे. त्याच्या दह्याचा नमुना घेतला. खटला भरायला इतके महिने गेले की मध्यवर्ती प्रयोगशाळेकडे पाठवायची पाळी आली तेव्हा त्याच्या वाट्याचे दही पृथक्करणाच्या लायकीचे राहिले नव्हते. फेरतपासणीचा मोलाचा हक्क सरकारी दिरंगाईने बुडाला, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने त्याची सुटका कायम केली. निर्णय न्याय्यच होता आणि आम्ही वकिलांनी तो पुढे शेकडो वेळा उद्धृत केला. पण त्या सगळ्या खटल्यात कोणी घिसारामला हे सांगितले काय, की दह्याचे प्रमाण ज्या दुधावर ठरते त्यातला स्निग्धांश डोळ्यांनी दिसत नाही, तो मोजावा लागतो, आणि मोजायचा कसा? मॅजिस्ट्रेटच्या न्यायालयापासून दिल्लीच्या त्या उंच घुमटापर्यंत गेलेला दहीवाला सुटून घरी आला तो दह्याविषयी जाताना जेवढे जाणत होता तेवढेच जाणत.

छोटा व्यापारी या कायद्यापासून काहीच शिकला नाही असे मात्र नाही. तो पुष्कळ शिकला. निरीक्षकाची जीप नाक्यावर दिसली की फळी ओढून घ्यायला शिकला. एकोणिसाव्याच कलमाच्या पुढच्या भागात परवानाधारक उत्पादकाकडून लेखी हमीसह माल घेतला असेल तर बचाव होता, तेव्हा बिल जपून ठेवायला शिकला. मात्र ज्याने तूर आणि गूळ शेतकऱ्याच्या दारातून उचलला त्याला बिल कोण देणार? काही ठिकाणी तर निरीक्षकाच्या हातावर काय ठेवायचे हेही तो शिकला. या सर्व विद्या त्याच्या दुकानाच्या बचावाच्या होत्या, गिऱ्हाइकाच्या पोटाशी त्यांचा संबंध नव्हता.

आता जे अज्ञान मी म्हणतो ते नेमके कसले, ते पिवळ्या रंगाच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. बुंदी, जिलबी, केशरी भात यांना पिवळा रंग लागतो. निदान गिऱ्हाइकाला तो लागतो. कायद्याने टार्ट्राझीन आणि सनसेट यलो असे दोन पिवळे रंग मिठाईसाठी मान्य केले आहेत. कातडी, कागद आणि कापड रंगविण्यासाठी असलेला मेटॅनिल यलो हा तिसरा पिवळा मात्र अन्नात वर्ज्य आहे. तो स्वस्त पडतो, आणि चिमूटभर पुडीत तिघेही सारखेच दिसतात. हलवायाने रंगाच्या दुकानात जाऊन “पिवळा द्या” म्हटले की कागदाच्या पुडीत जे येईल ते त्याच्या कढईत जाते. तो फसवीत नाही, तो फसलेला असतो. आणि एकोणिसावे कलम त्याला हे बोलूही देत नाही.

वास्तविक हा फरक दाखवायला विश्लेषकाची प्रयोगशाळा लागत नाही. रंगीत पाण्यात हायड्रोक्लोरिक आम्लाचे काही थेंब टाकले की मेटॅनिल यलो असल्यास पाणी गुलाबी-जांभळट होते. हळदीचाही रंग असा बदलतो, पण पाणी वाढविले की तो जातो. मेटॅनिलचा गुलाबी टिकून राहतो. ही दोन मिनिटांची गोष्ट आहे. निरीक्षकाने ती हलवायाच्या डोळ्यांसमोर एकदा केली तर तो जन्मभर विसरणार नाही, आणि संध्याकाळी शेजारच्या तिघांना सांगेल. दुसरी गोष्ट प्रमाणाची. मान्य रंगसुद्धा दहा लाख भागांत शंभर भागांहून अधिक चालत नाही. हा आकडा हलवायाला काय सांगणार? पण दहा किलो बुंदीला एक ग्रॅम, असे म्हटले की तो लगेच विचारील, एक ग्रॅम म्हणजे किती चिमटी? शिक्षण तेथून सुरू होते. तळणीच्या तेलाचेही असेच. २०१८ च्या जुलैपासून तेलातील ध्रुवीय संयुगांची मर्यादा शेकडा पंचवीस ठरली आहे. फरसाणवाल्याला ध्रुवीय संयुग दिसत नाही. तेलाचा काळसर रंग, चिकटपणा, न बसणारा फेस आणि लवकर सुटणारा धूर त्याला चांगला दिसतो. मोजणीचे यंत्र आणि त्याची नजर यांची गाठ घालून देणारा कोणी हवा असतो, आणि यंत्र घेऊन त्याच्या कढईपर्यंत जाण्याचा हक्क कायद्याने एकाच माणसाला दिला आहे.

गोव्याच्या वाचकांसाठी पोदेराचे उदाहरण देतो. पाव फुगावा आणि मऊ राहावा म्हणून मैद्यात पोटॅशियम ब्रोमेट घालण्याची मुभा आपल्या नियमांत बरीच वर्षे होती. २०१६ च्या मे महिन्यात दिल्लीच्या विज्ञान व पर्यावरण केंद्राने पावाच्या नमुन्यांत त्याचे अवशेष सापडल्याचे प्रसिद्ध केले आणि जूनमध्ये केंद्रीय प्राधिकरणाने ते मान्य पदार्थांच्या यादीतून काढले. मोठ्या कारखान्यांना दुसऱ्या दिवशी त्यांच्या वकिलांनी कळविले असेल. लाकडाच्या भट्टीवर पहाटे पाव भाजणाऱ्याला, आपण वापरतो त्या ‘इम्प्रूव्हर’ पुडीत ब्रोमेट आहे की नाही, हे पुडीवरची बारीक अक्षरे कोणी वाचून दाखविल्याशिवाय कसे कळावे?

२००६ साली संसदेने अन्नसुरक्षा आणि मानके कायदा केला आणि ५ ऑगस्ट २०११ पासून जुना कायदा जाऊन तो सर्वत्र अमलात आला. त्याचे बत्तिसावे कलम मी या देशातल्या अन्नकायद्याच्या इतिहासातील एक महत्त्वाचे वळण मानतो, जरी त्याचा गाजावाजा झाला नाही. त्या कलमाने ‘सुधारणा नोटीस’ आणली. पदनिर्देशित अधिकाऱ्याला काही उणे दिसले तर त्याने नोटिशीत कारण लिहायचे, कोणत्या बाबतीत उणे आहे ते लिहायचे, ते दूर करण्यासाठी काय केले पाहिजे ते लिहायचे, आणि त्यासाठी वाजवी मुदत द्यायची. ही मुदत चौदा दिवसांहून कमी असता कामा नये. ती पाळली नाही तर परवाना स्थगित होतो, आणि पुढे रद्दही होऊ शकतो. कारण, दोष, उपाय आणि मुदत या चार गोष्टी लिहून देणे अधिकाऱ्यावर बंधनकारक झाले. जुन्या कायद्यात निरीक्षकाने बोलणे हा धोका होता, येथे न बोलणे ही नोटिशीतली उणीव ठरते.

याच कायद्याने हलक्या दर्जाच्या अन्नासाठी तुरुंगाऐवजी दंड आणि तो ठरविण्यासाठी न्यायनिर्णय अधिकारी आणले. असुरक्षित अन्नासाठी कैद राखून ठेवली. २०११ च्या विनियमांनी वर्षाला बारा लाख रुपयांपर्यंत उलाढाल असणाऱ्या छोट्या व्यावसायिकाला परवान्याऐवजी साधी नोंदणी दिली आणि त्याने पाळायच्या स्वच्छतेच्या अटी चौथ्या अनुसूचीच्या पहिल्या भागात वेगळ्या लिहिल्या. ऐंशीव्या कलमात तर एक गमतीची जोडी आहे. अज्ञान हा बचाव नाही, हे १९५४ चे वाक्य तेथे जवळजवळ त्याच शब्दांत उतरले आहे. आणि त्याच कलमात, मी योग्य ती सर्व दक्षता घेतली होती, हा बचाव मान्य केला आहे. मग दक्षता घेतली हे छोटा दुकानदार सिद्ध कशाने करणार? मागच्या तपासणीत काय सांगितले होते आणि मी काय केले, याचा लेखी पुरावा त्याच्यापाशी असेल तरच. म्हणजे चांगली लिहिलेली नोटीस ही त्याच्याविरुद्धची फिर्याद न राहता त्याच्या बचावाचे पहिले कागदपत्र बनू शकते.

बाहेरच्या जगाने ही वाट थोडी आधी धरली. डेन्मार्कमध्ये २००१ पासून तपासणीचा अहवाल हसऱ्या किंवा रडक्या चेहऱ्याच्या चित्रासह उपाहारगृहाच्या दाराशी लावावा लागतो. लॉस एंजेलिसने १९९८ पासून अक्षरांची श्रेणी लावायला सुरुवात केली. गिऱ्हाईक ते वाचते, मालक शेजाऱ्याच्या दारावरचेही वाचतो. आपल्याकडे २०१७ पासून अन्न हाताळणाऱ्यांसाठी प्रशिक्षणाची योजना चालू आहे, आणि निरीक्षक आता अहवाल संगणकावर भरतो.

परंतु सिल्वासात मला अडचण दिसते ती भाषेची आणि हाताची. येथल्या गल्लीत वारली, कोकणा, धोडिया, गुजराती, मराठी, हिंदी अशा सर्व बोली ऐकू येतात. १९६५ नंतर कारखाने वाढले तसे उत्तरेतून आणि पूर्वेतून कामगार आले आणि त्यांच्यामागोमाग त्यांच्या चवीच्या खाणावळी आणि वड्याचे गाडे आले. अशा गाड्यावर ‘चौथ्या अनुसूचीतील अमुक परिच्छेदाचे उल्लंघन’ एवढेच लिहिलेला कागद पोचला तर तो सरळ आमच्या कचेरीत येतो. “साहेब, यात काय लिहिलंय?” असे विचारले जाते, आणि फी घेऊन आम्ही सांगतो की पिण्याच्या पाण्याच्या पिंपाला झाकण आणि तोटी बसवा. तोटीपेक्षा आमची फी जास्त होते. हेच वाक्य अधिकाऱ्याने त्याच्या भाषेत तेथेच सांगितले असते तर चौदा दिवसांऐवजी चौदा तासांत काम झाले असते.

मराठी शाळांमध्ये एक जुनी चाल होती. दिपोटी तपासणीला आले की वर्ग पाहून झाल्यावर शेरेबुक मागवीत आणि त्यात आपला अभिप्राय लिहून सही करीत. पुढचे दिपोटी आले की आधी मागचा शेरा वाचीत: नकाशा फाटका होता, तो बदलला काय? पाढे कच्चे होते, आता कसे आहेत? मास्तरांना त्या वहीची धास्ती वाटे हे खरे. पण वही शाळेत राही. अन्ननिरीक्षकाच्या नोंदी त्याच्याबरोबर जातात, त्याची बदली झाली की नवा माणूस कोऱ्या मनाने येतो आणि पहिल्यापासून सुरुवात करतो. दुकानदाराने गेल्या वर्षी जाळी लावली, पिंप बदलले, रंगाची पुडी टाकून शिक्काबंद डबी आणली, यातले त्याला काही ठाऊक नसते. दुकानात अशी एक वही ठेवावी, तपासणीला येणाऱ्याने तीत गिऱ्हाइकाला आणि मालकाला कळेल अशा भाषेत दोन ओळी लिहाव्यात, आणि पुढच्याने त्या वाचून मग नवे लिहावे, याला कायद्याची आडकाठी मला कोठे दिसत नाही. बत्तिसाव्या कलमाची नोटीस त्या वहीत चिकटवली तरी पुरे.